घरपट्टी वाढली : अपील करावे की भरून मोकळे व्हावे?

पिकावर कीड आली तर शेतकरी दुसऱ्या दिवशी पान तोडून दाखवायला आणतो. बियाणे उगवले नाही तर पिशवीसकट येतो. पण घरपट्टीचे बिल दुप्पट झाले तर तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर पारावर बसून सरपंचाला चार शब्द सुनावतो आणि गप्प भरून टाकतो, किंवा "भरतच नाही, बघू काय करतात" म्हणून बिल खुंटीला अडकवतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. पंचायत समितीच्या कचेरीत आमचे टेबल शेतीचे असले, तरी शेजारच्या टेबलावर येणारे शेतकरी तेच असतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात येते. आकारणी चुकली आहे का, हे बहुतेकांनी तपासलेलेच नसते. कर जास्त वाटणे वेगळे आणि आकारणी चुकलेली असणे वेगळे. अपील चुकीविरुद्ध होते, वाटण्याविरुद्ध होत नाही.

तेव्हा वाचकहो, आज घरपट्टीचा हिशेब शेतीच्या हिशेबासारखाच मांडू. काय चुकले, किती चुकले, दुरुस्तीला खर्च किती आणि हाती काय येणार, हे चार प्रश्न सोडवले म्हणजे निर्णय आपोआप होतो.

घरपट्टी ठरते कशी?

ग्रामपंचायतीला कर बसविण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला आहे. शेतसारा भरत असलेल्या जमिनीवर ग्रामपंचायत घरपट्टी लावत नाही. इमारतीवर मात्र लावू शकते, मग ती इमारत गावठाणात असो की शेतातल्या वस्तीवर असो. "आमचे घर रानात आहे, आम्हाला कर कशाला?" असे काहीजण म्हणतात. त्या म्हणण्याला कायद्याचा आधार नाही.

पूर्वी घराचे चौरस फूट मोजून कर बसत असे. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. भांडवली मूल्य म्हणजे जागा आणि बांधकाम यांची नियमाने काढलेली किंमत. तिचा हिशेब असा :

जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर. त्यात मिळवायचे बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे.

जमिनीचा दर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घेतात. त्यालाच लोक रेडी रेकनर म्हणतात. बांधकामाचा दर घराच्या प्रकारावरून ठरतो. मातीचे घर, दगड-विटा-मातीचे घर, दगड-विटा आणि चुना-सिमेंटचे घर, आरसीसी घर, असे प्रकार आहेत. घसारा म्हणजे घर जुने झाल्याबद्दलची घट. औत जुने झाले की त्याची किंमत उतरते, तसेच हे. भारांक राहत्या घराला एक असतो, दुकान-कारखान्याला त्याहून जास्त. अशी किंमत निघाली की दर हजार रुपयांमागे ठराविक पैसे, हा कर. किमान आणि कमाल दर शासनाने घालून दिला आहे. त्या दोहोंमधला दर ग्रामपंचायत ठरावाने निश्चित करते. अशी आकारणी साधारण दर चार वर्षांनी नव्याने होते.

म्हणून एकदा चुकलेली नोंद चार वर्षे उरावर बसते, आणि कोणी बोललेच नाही तर पुढच्या चार वर्षांनाही तीच उतरवली जाते.

आधी उतारा, मग तक्रार

बिल हाती आल्यावर पहिले काम म्हणजे नमुना ८ चा उतारा काढणे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. आपले घर ग्रामपंचायतीच्या लेखी कसे आहे ते त्यात दिसते. नमुना ९ ही मागणीची नोंदवही. यंदाचे किती आणि मागची बाकी किती, हे तीत असते. नमुना ८ चा उतारा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालील सेवांत आहे. नाममात्र फी भरून अर्ज दिला की तो पाच दिवसांत मिळायला हवा.

उतारा आणा आणि रात्री जेवणानंतर घरात सर्वांनी मिळून वाचा. शाळेत जाणारा मुलगा-मुलगी असेल तर गुणाकार त्यांना करू द्या. मग टेप घेऊन घर मोजा. उताऱ्याशी ताडून पाहायच्या गोष्टी या :

१. क्षेत्रफळ. माप चौरस मीटरमध्ये आहे की चौरस फुटांत? एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात पडला, तर घर कागदावर दहापट मोठे होते.

२. घराचा प्रकार. भिंती मातीच्या आणि वर पत्रा, पण नोंद आरसीसी, असे झाले आहे का?

३. घराचे वय. वडिलांनी बांधलेले घर नवे म्हणून लागले असेल तर घसारा मिळालेला नाही.

४. वापर. पुढच्या खोलीतले किराणा दुकान केव्हाच बंद झाले, पण कागदावर अजून चालू आहे का?

५. दुबार नोंद. भावाभावांत घर वाटले गेले आणि दोघांच्याही नावावर पुरे घर चढले आहे का?

६. पडझड. मागची पडवी पावसात पडली, ती अजून उभी दाखवली आहे का? गोठा राहत्या पक्क्या घराच्या मापात मिसळला आहे का?

७. सूट. माजी सैनिकाच्या घराला राज्य शासनाने २०२० साली घरपट्टीतून सूट जाहीर केली. घरात माजी सैनिक किंवा त्यांची पत्नी असेल, तर ही सूट लागली आहे का ते विचारावे.

८. बिलातले बाकीचे कर. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टीही त्याच कागदावर येते. पुष्कळदा वाढ घरपट्टीत नसून पाणीपट्टीत असते, किंवा मागची बाकी मिळवून बेरीज फुगलेली असते. तसे असेल तर आकारणीविरुद्ध अपील करून उपयोग नाही. तो प्रश्न वेगळा.

आता पैशाचा हिशेब

आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावचे दर ग्रामपंचायतीतून घ्यावेत.

समजा, एका कुटुंबाची जागा १०० चौरस मीटर आणि घर ६० चौरस मीटर आहे. घर विटा-मातीचे व जुने आहे. जमिनीचा दर ५०० रुपये धरला तर जागेचे ५०,००० रुपये. बांधकामाचा दर ६,००० रुपये आणि घसाऱ्यानंतर ६० टक्के किंमत धरली तर घराचे २,१६,००० रुपये. एकूण २,६६,००० रुपये. हजारी ८० पैसे दराने घरपट्टी २१२ रुपये ८० पैसे.

आता नोंद कशी चुकू शकते ते पाहू.

चूक पहिली : हेच घर आरसीसी म्हणून लागले. दर १०,००० रुपये, घसाऱ्यानंतर ८० टक्के, म्हणजे घराचे ४,८०,००० आणि जागेसह ५,३०,००० रुपये. हजारी १ रुपया २० पैसे दराने कर झाला ६३६ रुपये. वर्षाला ४२३ रुपये २० पैसे जादा. चार वर्षांत १,६९२ रुपये ८० पैसे.

चूक दुसरी : ६० ऐवजी ६४ चौरस मीटर लागले, बाकी सगळे बरोबर. चार मीटरचे मूल्य १४,४०० रुपये. त्यावर कर ११ रुपये ५२ पैसे. चार वर्षांत ४६ रुपये.

चूक तिसरी : घर ६४५ चौरस फूट, आणि तोच आकडा मीटर म्हणून पडला. कर गेला १,८९७ रुपये ६० पैशांवर. दरसाल १,६८४ रुपये ८० पैसे जादा.

आता दुरुस्तीचा खर्च पाहा. गावातल्या गावात हरकत अर्ज द्यायला एक कागद आणि एक चक्कर लागते. तालुक्याला अपील करायचे तर निदान दोन खेपा, एसटीचे भाडे, झेरॉक्स आणि दोन दिवसांच्या कामाचा खाडा. ऐन सुगीत हा खाडा महाग पडतो. या खर्चापुढे दुसऱ्या चुकीचे ४६ रुपये मांडले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पहिल्या आणि तिसऱ्या चुकीसाठी मात्र तालुका गाठणे परवडते.

यातून नियम असा निघतो : चूक लहान असो की मोठी, गावातली हरकत जरूर द्यावी, कारण ती जवळजवळ फुकट आहे. तालुक्याचे अपील मात्र चार वर्षांचा फरक मोजूनच करावे.

पैसा थोडा, पण नोंद भारी

याला एक अपवाद आहे. काही चुका पैशाने लहान असतात, पण त्यांची मुळे लांब जातात. मातीच्या घराची नोंद पक्के घर म्हणून राहिली आणि उद्या घरकुलासाठी अर्ज केला, तर हीच नोंद आडवी येऊ शकते. घरकुल योजना बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. "तुमचे तर पक्के घर आहे" असे कागदच बोलू लागल्यावर भिंतीची माती दाखवून किती जणांना पटवणार? तीच गोष्ट नावाची. सासरे वारून दहा वर्षे झाली आणि उतारा त्यांच्याच नावावर आहे, अशी घरे गावोगाव आहेत. कर भरणारे भरतात, पण कर्जाच्या वा वाटणीच्या वेळी खोळंबा होतो. पती-पत्नी दोघांच्या नावाने घराची नोंद करण्याचा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे. घरपट्टीचा कागद हाती आलाच आहे, तर घरातल्या बाईचे नाव उताऱ्यावर आहे का, हेही याच वेळी पाहावे. नसेल तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा. हे काम अपिलाचे नाही.

मात्र एक खुलासा. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव चढले म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि उतरले म्हणून जात नाही. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाची कागदपत्रे आणि जिथे गावठाणाची मोजणी झाली आहे तिथे मिळकत पत्रिका पाहतात. गावठाणाची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२१ साली देशभर सुरू झाली. आपल्या गावी मिळकत पत्रिका मिळाली असेल, तर तिच्यावरचे क्षेत्र हरकतीसाठी उत्तम पुरावा आहे. पण ते क्षेत्र उताऱ्यापेक्षा जास्त भरले, तर तो पुरावा आपल्याच विरुद्ध जातो हेही ध्यानात घ्यावे.

गप्प बसणेच बरे, असे प्रसंग

हरकत घेतली की फेरमोजणी होऊ शकते. मोजणारा फक्त आपल्या तक्रारीपुरती टेप धरत नाही. मागे काढलेली नवी खोली, वर चढवलेला मजला, रस्त्याकडे उघडलेला पिठाच्या गिरणीचा गाळा यांची नोंद नसेल, तर तीही लागेल. दोन मीटर कमी करायला गेलेला माणूस वीस मीटर वाढवून घरी येतो. असे बांधकाम असेल तर त्याची नोंद स्वतःहून करून घेणे हाच सरळ मार्ग आहे. पण निदान हरकत घेताना डोळे उघडे ठेवावेत.

"शेजाऱ्याला कमी, मला जास्त का?" एवढ्यावरही अपील उभे राहत नाही. शेजाऱ्याचे घर आपल्याच मापाचे, प्रकाराचे आणि वयाचे असेल तर तुलना उपयोगाची. त्याचे घर मातीचे आणि आपले स्लॅबचे असेल तर फरक राहणारच.

आणि सगळ्या गावाचाच दर वाढला असेल, तर ते एकट्याच्या घराचे अपील नव्हे. ती गोष्ट ग्रामसभेत बोलायची. दर किती लावावा, वसुलीतून काय केले, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला-बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के स्वतःच्या उत्पन्नातून खर्च झाला का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. गावचा दिवा आणि गटार याच पैशातून चालते, हेही त्याच वेळी आठवावे.

हरकत आणि अपील : पायऱ्या

पहिली पायरी गावातच. नवी आकारणी झाली की यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी मुदत मिळते, सर्वसाधारणपणे तीस दिवसांची. नोटिशीवर तारीख असते ती पहिल्यांदा वाचावी. बोलणे गोडीने असावे. "भाऊसाहेब, उताऱ्यावर घर आरसीसी लागलंय. एकदा येऊन बघून जाता का?" एवढ्या वाक्याने पुष्कळ कामे होतात. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. पदाचे नाव अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. त्यांच्याकडे शेकडो घरांची नोंद असते आणि लिहिताना चूक होते. प्रत्येक चुकीमागे राजकारणच असते असे धरून चालू नये.

पण बोलणे झाले तरी अर्ज लेखीच द्यावा. तो असा असावा :

"मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस. विषय : मिळकत क्रमांक अमुकच्या आकारणीबाबत हरकत. माझे घर विटा-मातीचे, पत्र्याचे, सुमारे अमुक वर्षांपूर्वीचे असून नमुना ८ मध्ये आरसीसी असे नोंदले आहे. प्रत्यक्ष क्षेत्र ६० चौरस मीटर आहे. तरी समक्ष पाहणी करून नोंद दुरुस्त करावी व सुधारित मागणी द्यावी, ही विनंती. सोबत : उताऱ्याची प्रत, घराचे फोटो, मागील पावत्या."

अर्ज एक पानाचा पुरे. त्यात जुनी भांडणे आणू नयेत. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच, तारीख व शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न पेरलेले बी.

दुसरी पायरी पंचायत समिती. हरकत फेटाळली गेली, तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील करता येते. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा. सोबत हरकतीची पोच, ग्रामपंचायतीचा निर्णय, उतारा आणि बिल जोडावे. अपिलाच्या मुदतीची तारीख तिथेच विचारून घ्यावी आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. तिथेही समाधान झाले नाही, तर त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील आहे, आणि तिचा निर्णय अंतिम असतो.

या पायऱ्यांवर वकील लागतोच असे नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, पण ही कोर्टाची पायरी नव्हे. आपल्याच पंचायतीकडे आपल्याच घराचे माप नीट लिहा म्हणून सांगणे आहे.

बिल मात्र अडवू नका

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. हरकत किंवा अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. बिल थकले की दंड चढतो, मागणीची नोटीस येते. पुढे कलम १२९ प्रमाणे जप्तीपर्यंत मजल जाऊ शकते. थकबाकीची नोटीस लोक अदालतीकडूनही घरी येते. दाखल्यासाठी गेले की आधी बाकी भरा म्हणतात. ज्यांना पंचायतीत निवडून जायचे आहे, त्यांनी तर विशेष जपावे. मागणी होऊन तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो. कराविरुद्ध भांडणारा माणूस कर थकवल्यामुळे खुर्ची घालवून बसतो, आणि मूळ चूक तशीच राहते.

म्हणून कर भरावा, पावती घ्यावी आणि अर्जात लिहावे : "हरकत कायम ठेवून भरणा केला आहे. निर्णय माझ्या बाजूने झाल्यास जादा रक्कम पुढील मागणीत वळती करावी." वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरल्यास पाच टक्के सूट मिळते का, तेही भरताना विचारावे.

थोडक्यात

फरक चार वर्षांत शंभराच्या आत : गावात हरकत द्या, पुढे जाऊ नका.

फरक हजाराच्या पुढे, आणि पुरावा हाती : हरकत द्या, गरज पडल्यास तालुक्याला जा.

घराचा प्रकार किंवा दुबार नोंद चुकली : रक्कम लहान असली तरी दुरुस्त करून घ्याच.

स्वतःच्या घरात नोंद नसलेले बांधकाम : आधी त्याचा विचार करा, मग तोंड उघडा.

कोणत्याही परिस्थितीत : बिल भरा, पावती जपा.

सातबारा आणि खतांच्या पावत्या आपण पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. त्याच पेटीत नमुना ८ चा उतारा, दरसालच्या पावत्या आणि घराच्या मापाचा एक कागद ठेवावा. पुढच्या आकारणीला मोजणीवाले दारात आले की तो कागद पुढे करावा आणि माप आपल्यासमोर लिहून घ्यावे. त्या वेळी घरात जो असेल, मग ती घरधनीण असो की म्हातारे वडील असोत, त्यालाही कागद कुठे आहे हे ठाऊक असावे. दारात टेप धरलेली असतानाच चूक दाखवली, तर ती दुरुस्त करायला काहीच खर्च येत नाही.